लवणारी काठी

पावसाने जोर धरला की सोलापूर जिल्ह्याचे लक्ष दौंडकडे लागते. खडकवासला, पवना, चासकमान, डिंभे अशा वरच्या धरणांतून सुटलेले पाणी भीमेच्या पात्रात एकत्र होते आणि उजनीत किती पोहोचणार याचा अंदाज दौंडच्या विसर्गावरून बांधला जातो. इतके हजार क्युसेक, एवढा एक आकडा सकाळी मोबाइलवर फिरतो आणि त्यावर माढा-पंढरपूरपर्यंतचा ऊस बेत आखतो. गळ टाकणारा माणूसही तोच आकडा वाचतो, पण त्याचे गणित वेगळे. नव्या पाण्याला तोंड देत वर सरकणारा चढणीचा मासा कुठवर आला असेल, पात्र कधी निवळेल, काठावर पुन्हा बसता कधी येईल, हे तो त्या आकड्यात शोधतो. दिवाळीच्या सुमारास विसर्ग ओसरतो, गाळ खाली बसतो, उजनीचा फुगवटा काठोकाठ असतो. या दिवसांत कटला-रोहूच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास पडतो, नवा रॉड कोणता घ्यावा?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. पुण्यातल्या दुकानात किंवा यूट्यूबवर विचारले, तर उत्तर येते ते इंग्लंड-फ्रान्समधल्या तळ्यांसाठी बेतलेले: बारा फूट, साडेतीन पौंड, पूर्ण कार्बन. वस्तू उत्तम असते, पण ती वेगळ्या पाण्यासाठी केलेली असते. माझे मत मी इथेच सांगून टाकतो. दौंड-शिरूरच्या पाण्यावर बसणाऱ्या दहातल्या आठ जणांना त्याहून मऊ, अधिक लवणारा रॉड हवा असतो, आणि तो स्वस्तही पडतो. असे का, हे कळायला आधी पाणी आणि मासा पाहावा लागतो.

भीमा इथे एकसारखी नाही. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला मिळते आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी व जलपर्णी घेऊन येते. शिरूरच्या बाजूने घोड येते. तिच्यावर चिंचणीला धरण आहे. भीमेवर आणि घोडवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांचे ढापे बसवतात आणि वाहती नदी लांबट तळ्यांची माळ होते. दौंड ओलांडून खाली गेले, की राजेगाव-खानवट्याच्या बाजूला उजनीचा फुगवटा सुरू होतो आणि पुढे भिगवणपर्यंत पाणी समुद्रासारखे पसरते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातले जवळपास ६४ टीएमसी मृतसाठ्यात मोडतात. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते तेव्हा शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पण तो मृतसाठा शेतीच्या हिशेबात मृत असतो. माशांचा सारा उन्हाळा त्याच पाण्यात निघतो, आणि म्हणूनच इथे मासा वाढतो, मोठा होतो.

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी गेले तर ढिगांवरून पाण्याची कुंडली वाचता येते. चिलापी सगळ्यात जास्त. मग कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, अधूनमधून गवत्या, आणि शिवाय वाम, मरळ, शिंगटा. यातली कटला, रोहू, मृगळ ही त्रयी मूळची भीमेची नव्हे, गंगेच्या खोऱ्यातली. हे मासे नदीला पूर आल्यावरच अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. त्यामुळे फार वर्षे त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालून घेतली आणि मत्स्यबीज हवे तेवढे तयार करण्याची वाट खुली झाली. देश आजही १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. आज दख्खनच्या जलाशयांत भरणाऱ्या कटल्यामागे ते काम आहे.

सायप्रिनस, म्हणजे जगभर ज्याला कॉमन कार्प म्हणतात तो, आणखी लांबून आला. त्याची आरशासारख्या मोठ्या खवल्यांची जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणली गेली. आपल्या उष्ण पाण्याला मानवणारी जात १९५७ मध्ये बँकॉकहून आली. गवत्या आणि चंदेऱ्या हे कार्पही १९५९ मध्ये आले. इंग्लंडमध्ये जो मासा धरण्यासाठी लोक दोन-दोन रात्री तंबूत काढतात, तो भिगवणला पाटीत किलोवर विकला जातो.

मूळचे मासे वेगळे होते, आणि त्यांच्या इतिहासात शिरूरचे नाव कोरलेले आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये हिंडून जे मासे गोळा केले, त्यांची वर्णने १८३९ मध्ये लंडनला छापून आली. त्यातला मुसल्ला हा कार्पकुळातला मोठा मासा त्याने शिरूरजवळ घोड नदीत पाहिला. खुद्री, म्हणजे दख्खनचा महाशीर, त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत नोंदवला. म्हणजे या दोन माशांची शास्त्रीय ओळख आपल्या याच पाण्यावरून ठरलेली आहे. आज त्या मुळा-मुठेची काय दशा आहे हे यवत-पाटसकडच्या माणसाला सांगायला नको. क्वचित कुणाच्या गळाला खुद्री लागलीच, तर ती ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात द्यावी, असे मी कळकळीने सांगेन.

आता मासा गळाला लागल्यावर वागतो कसा, ते पाहू, कारण रॉडची निवड खरी तिथे ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले आणि मोठे, ओठ मांसल पण मऊ. तो वरच्या-मधल्या थरातले बारीक जीव गाळून खातो. लागला की धावत नाही, जड होऊन बसतो आणि मग संथ, लांब ओढ घेतो. कडक रॉडने त्याला खेचले, तर गळ ओठ फाडून बाहेर येतो. रोहू मधल्या थरातला, वेगाचा. पहिली धाव इतकी अचानक घेतो की टोक कडक असेल तर तंगूस तुटते. मृगळ तळाचा आणि लाजाळू. त्याची चव घेण्याची हालचाल टोकावर दिसली तर दिसली. सायप्रिनस तळ उकरत खातो आणि लागल्यावर मान खाली घालून अडचणीत शिरू पाहतो. गवत्या सुरुवातीला मुकाट्याने काठाकडे येतो, जाळी दिसताच असा उसळतो की सगळा खेळ शेवटच्या दोन वावांत होतो. या पाचांपैकी चार ठिकाणी कामाला येते ती रॉडची लवचीकता. ताकद हवी ती फक्त सायप्रिनसला अडचणीतून वळवताना.

रॉडवर लिहिलेला ‘साडेतीन पौंड’ म्हणजे नेमके काय, हे विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. मूठ आडवी घट्ट धरली आणि कड्यांतून ओवलेल्या तंगुसाला वजन लावले, तर टोक मुठीशी काटकोनात यायला जेवढे वजन लागते, तेवढा त्या रॉडचा टेस्ट कर्व्ह. पावणेतीन पौंड म्हणजे साधारण सव्वा किलो, साडेतीन म्हणजे सोळाशे ग्रॅमच्या आसपास. घरात ताणकाटा असेल तर ही परीक्षा ओट्याच्या कडेला मूठ बांधून कुणालाही करता येते. फेकीचा ठोकताळा असा, की एका पौंडाला एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम शिसे. पावणेतीन पौंडाचा रॉड पाऊणशे ग्रॅम शिसे आरामात फेकतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ रॉडांवर हा आकडा नसतोच, त्याऐवजी ‘५०–१०० ग्रॅम’ असे फेकीचे वजन छापलेले असते. तो आकडाही पुरतो. मधला अंक धरावा आणि त्याच्या फार वर जाऊ नये.

जास्त आकडा म्हणजे जास्त मोठा मासा, हा समज तर डोक्यातून काढूनच टाकावा. १३ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधल्या रेडमायर या लहानशा तळ्यावर रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोचा कार्प धरला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला गेला आणि अनेक वर्षे जगला. वॉकर यांच्या हातातला रॉड त्यांनीच आखलेला होता, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेला, दहा फुटांचा. त्याचा टेस्ट कर्व्ह होता दीड पौंडाच्या आसपास. वीस किलोचा मासा पाऊण किलोलाही काटकोनात लवणाऱ्या काठीने काठावर आणला. पुढे आकडे वाढत गेले, ते लांबवर फेकायची गरज वाढली म्हणून. सत्तर-ऐंशी मीटरपलीकडे जड शिसे टाकायचे असेल तर कडक पाठीचा रॉड लागतो, हे खरे. पण बंधाऱ्यावर पंचवीस पावलांवर टाकणाऱ्याने तो का घ्यावा?

त्या चिरलेल्या बांबूच्या काठीतही आपला एक वाटा आहे. पुढे चीनमधला टोंकिन बांबू आला आणि त्याने बाजार घेतला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर उत्तम रॉडसाठी जो बांबू वापरत, तो ‘कलकत्ता केन’ या नावाने हिंदुस्थानातून जात असे. तो आपल्या डोंगरांत वाढणारा भरीव बांबूच. आजही दौंडच्या काठावर पोरे बांबूच्या सरळ काठीला तंगूस बांधून चिलापी काढतात आणि ती काठी तिच्या कामाला अगदी योग्य असते. पाच किलोचा रोहू लागला की मात्र रीलशिवाय, दोर सोडल्याशिवाय चालत नाही.

तेव्हा कुठल्या पाण्यावर बसणार हे आधी ठरवावे. बंधाऱ्याचे साठलेले पाणी आणि दौंडपासून सिद्धटेकपर्यंतचे नदीचे पात्र हे एका प्रकारचे. काठ उंच, दरडीचा, डोक्यावर वेड्या बाभळी. मागे रॉड फिरवायला जागा नाही. वाळूउपशाने तळाला खोल खड्डे पडलेले, आणि मासा बहुधा त्या खड्ड्यांच्या कडेलाच उभा. इथे बारा फुटी काठी बाभळीत अडकते. नऊ किंवा दहा फूट, अडीच-पावणेतीन पौंड, मुळापासून टोकापर्यंत वळणारा रॉड घ्यावा. बहुतेकांची बैठक याच पाण्यावर असते, म्हणून पहिला रॉड हाच.

राजेगाव, खानवटे, त्यापुढे भिगवण-कुंभारगावकडचा फुगवटा दुसऱ्या प्रकारचा. काठ उतरता आणि चिखलाचा, पाणी लांबवर उथळ, वारा मोकळा. मासा लांब असतो आणि तंगूस जलपर्णीच्या कडेवरून उचलून धरावे लागते. इथे बारा फूट शोभते. त्यालाही तीन पौंड पुरेत. मधला भाग कडक आणि टोक मऊ असा, हळूहळू भार घेणारा रॉड फेकीलाही बरा आणि रोहूच्या धावेलाही.

तिसरे पाणी अडचणीचे. धरणात बुडालेल्या जुन्या विहिरी, घरांच्या भिंती, बाभळींची खोडे उन्हाळ्यात पाणी उतरले की वर दिसतात. ती जागा त्या वेळी नीट पाहून ठेवावी. मोठा सायप्रिनस तिथेच सापडतो. इथे माझे मऊ रॉडचे मत मी मागे घेतो. दहा फुटी पण तीन-सव्वातीन पौंडांचा, पाठ कडक असलेला रॉड, जाड तंगूस आणि घट्ट आवळलेले रील हवे. मासा पहिल्या ओढीत थांबवला नाही, तर तो खोडाला वेढा घालून तंगूस तोडतो आणि तोंडात गळ अडकलेला राहून पुढे त्याचे हाल होतात. त्यामुळे इतक्या अडचणीत मुळात टाकावे का, हाही विचार करावा.

कार्बन की फायबरग्लास? कार्बन हलका, चपळ आणि टोकाची बारीक हालचाल हातापर्यंत पोचवणारा. पण दगडावर आपटला, गाडीच्या दारात चेपला, की न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला तो तिथेच मोडतो. फायबरग्लास जड आणि सुस्त, तरी सोशिक. मोटारसायकलवर बांधून नेणाऱ्याने, पोराच्या हाती देणाऱ्याने बिनधास्त फायबरग्लास किंवा दोहोंचे मिश्रण घ्यावे. कार्बनच्या टक्केवारीचे मोठे आकडे छापलेले असतात, त्यांच्यावर पैसे टाकू नयेत. तोच पैसा चांगल्या कड्यांवर जाऊ द्यावा.

दुकानात गेल्यावर पाहायचे ते हेच, कड्या. तंगूस ज्यातून धावते त्या कड्यांच्या आत चिनीमातीसारखे गुळगुळीत अस्तर असते. त्यात केसाएवढी चीर असली तरी ती तंगूस कापते, आणि ही चीर डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर रॉड परत द्यावा. मग रील बसवून पाहावे. स्क्रू आवळल्यावर रील तसूभरही हलता कामा नये. सांधा जोडताना दोन भाग सरळ आत जावेत, टकटक आवाज येऊ नये. शेवटी सोबत्याला तंगुसाचे टोक धरायला सांगून हळूहळू ताण द्यावा आणि वाक कुठून सुरू होतो, कुठवर उतरतो ते डोळ्यांनी पाहावे. टोक हाताने धरून वाकवू नये, छताला टेकवून तर मुळीच नाही. चांगले रॉड असेच दुकानात मोडतात आणि मग दोष माशावर जातो.

वाहतुकीचा विचार फार कमी लोक करतात. दोन तुकड्यांचा बारा फुटी रॉड सहा फुटांहून लांब होतो. तो पुणे-दौंड गाडीच्या गर्दीत किंवा एसटीत कसा न्यावा? तीन तुकड्यांचा साधारण चार फुटांत मावतो. घडीचा, म्हणजे एकातून एक सरकणारा रॉड पिशवीत बसतो म्हणून मोहात पाडतो. पण भीमेची बारीक वाळू त्याच्या सांध्यांत जाते, दोन हंगामांत तो अडकू लागतो आणि त्याचा वाक कधीच एकसंध नसतो. तो घ्यायचाच झाला, तर घरी आल्यावर प्रत्येक नळी ओल्या फडक्याने पुसावी आणि सावलीत वाळवावी. दौंडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत कुठलाही रॉड ठेवू नये, कारण डिंक आणि वार्निश सैल पडते.

रॉडभोवतीचे बाकीचे सामान थोडक्यात. रील, तंगूस, गळ आणि रॉड यांची ताकद एकमेकांना जुळावी. मऊ रॉडवर दोरखंडासारखे तंगूस चढवले तर त्याची लव वाया जाते. काठावर रोवायला बाभळीचे दुबेळके सर्वांत उत्तम, आणि टोकाला अडकवलेले घुंगरू अजूनही विजेच्या भोंग्याइतकेच खरे बोलते. आमिषाबाबत दौंड तालुका भाग्यवान आहे. केडगाव-यवतकडच्या गुऱ्हाळांवर काकवी मिळते. कणीक, भिजवलेला मका, शेंगदाण्याची पेंड यांत ती मळून केलेल्या गोळ्यावर रोहू-मृगळ येतात. युरोपातले कार्पवाले त्यासाठी उसाची मळी बाटल्यांतून विकत घेतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रॉडच्या खोक्यावर लिहिलेली नसते. ज्या पाण्यावर आपण हौसेने बसतो, त्यावर भोई आणि इतर मच्छीमारांचे घर चालते. थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्यूबवर बसून ते पहाटे जाळी ओढतात. वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उचलली जातात याची सर्वांत मोठी झळ त्यांच्यातल्याच नियमाने मासेमारी करणाऱ्यांना बसते. म्हणून बसण्याआधी तिथल्या संस्थेला किंवा ठेकेदाराला विचारावे, परवाना लागत असेल तो घ्यावा, जाळ्याच्या ओळीवरून गळ फेकू नये. काठावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना राम राम घालून पाणी कसे आहे म्हणून विचारले, तर ते रॉडवर नजर टाकून कुठे बसायचे तेही सांगतात. चढणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेली मादी लागली तर ती सोडावी. तिच्या पोटात पुढच्या वर्षीचा हंगाम असतो.

आणि शेवटची गोष्ट जिवाची. भीमेच्या दोन्ही काठांवर उसाला पाणी उचलणाऱ्या मोटारी आहेत, आणि प्रत्येक मोटारीपर्यंत विजेच्या तारा गेल्या आहेत. कितीतरी ठिकाणी त्या झोळ पडून खाली आलेल्या असतात. कार्बन विजेचा वाहक आहे. बारा फुटी रॉड हाताच्या उंचीवर उभा धरला तर त्याचे टोक अठरा-वीस फुटांवर जाते, आणि उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्शही व्हावा लागत नाही. ओला बांबूही सुरक्षित नाही. वळवाच्या पावसात वीज चमकू लागली की हाच धोका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या पाण्यावर वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, तेव्हापासून उजनीच्या काठावर आभाळ भरून आले की लोक लवकर उठतात. त्यांच्याबरोबर आपणही उठावे. रॉड जोडण्याआधी वर पाहून तारा कुठून गेल्या आहेत ते बघावे, त्यांच्यापासून निदान शंभर फूट लांब बसावे, आणि जागा बदलताना रॉडचे तुकडे सोडवून, आडवे धरून चालावे.